क्लब हलला, हा पठ्ठ्या हलला नाही : डीन लुइंग्टन

डावखुरा :

प्रीमियर लीगचे धागे इथं दर आठवड्याला निघतात, कोण कितीला विकला, कुठल्या मॅनेजरची गच्छंती झाली, सगळं चघळून होतं. म्हणून म्हटलं एकदा खालच्या लीगमधल्या माणसावर लिहू.

डीन लुइंग्टन. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू. क्लब एमके डॉन्स. २०२५ चा सीझन संपला तेव्हा थांबला, वय जवळपास ४१. इंग्लंडकडून एक मॅच नाही, प्रीमियर लीगमध्ये एक मिनिट नाही. पण इंग्लिश लीग फुटबॉलमध्ये एकाच क्लबकडून सगळ्यात जास्त लीग मॅचेस खेळलेला माणूस हा आहे. आधी तो रेकॉर्ड स्विंडन टाउनच्या जॉन ट्रॉलपचा होता, ७७० लीग मॅचेस, १९६० ते १९८०, आणि तोही लेफ्ट बॅकच. त्रेचाळीस वर्षं कुणी हात लावला नाही त्याला. डिसेंबर २०२३ मध्ये लुइंग्टन पुढं गेला, आणि मजा म्हणजे त्या सीझनला स्विंडन आणि एमके डॉन्स दोघंही लीग टू मध्येच होते, म्हणजे एकदम तळाच्या पायरीवर.

ज्यांना या लीगा माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात : प्रीमियर लीगच्या खाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू. प्रत्येकीत २४ टीम, सीझनला ४६ मॅचेस, वर कपच्या वेगळ्या. शनिवारी खेळायचं, कित्येकदा लगेच मंगळवारी रात्री परत, आणि मधे बसने देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन यायचं. तिथं वीस वर्षं डिफेन्समध्ये टिकणं म्हणजे काय ते गुडघ्यांनाच विचारा.

आता खरी गोष्ट. हा किंग्स्टनचा पोरगा, लंडनच्या नैऋत्येला, विम्बल्डनच्या बाजूलाच. विम्बल्डन एफसीच्या युथमधून वर आला. वडील म्हणजे रे लुइंग्टन, स्वतः जुना खेळाडू, तेव्हा वॉटफर्डचा मॅनेजर होता, नंतर रॉय हॉजसनबरोबर इंग्लंडचा असिस्टंट झाला. पोरानं २००३ मध्ये पदार्पण केलं तेव्हा एकोणीस पूर्ण व्हायचे होते. आणि क्लबची अवस्था? मालकांना क्लब मिल्टन कीन्सला हलवायचा होता, मे २००२ मध्ये तीन जणांच्या समितीनं दोन विरुद्ध एक अशी परवानगी दिली, फॅन्सनी उठून स्वतःचा वेगळा क्लब काढला, इकडं मूळ क्लबच्या मॅचला काळं कुत्रं येईना, जून २००३ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या व्यवस्थापनाखाली गेला. चांगले खेळाडू मिळेल त्या भावात विकले. मग उरलं कोण, तर पोरं. लुइंग्टनला टीममध्ये जागा मिळाली ती अशी. सप्टेंबर २००३ मध्ये सगळं बिऱ्हाड सुमारे ९० किलोमीटरवर मिल्टन कीन्सला गेलं, आणि कुठल्या ग्राउंडवर म्हणाल तर हॉकीच्या स्टेडियममध्ये! त्या सीझनला टीम तळाला राहून खाली आली, २००४ च्या उन्हाळ्यात म्युझिकच्या धंद्यातल्या पीट विंकलमननं क्लब घेतला, नाव बदलून मिल्टन कीन्स डॉन्स, म्हणजेच एमके डॉन्स झालं.

म्हणजे इंग्लंडमध्ये जागा बदलण्यावरून सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेला क्लब कुठला, तर हा, आणि त्याच क्लबात एकवीस वर्षं जागचा न हललेला माणूसही हाच. मला ही विसंगती भारी आवडते.

पुढचं पटापट. २००६ ला लीग टू मध्ये घसरण. २००८ ला पॉल इन्सच्या हाताखाली लीग टू जिंकली, वर वेम्बलीवर ग्रिम्सबीला २-० हरवून फुटबॉल लीग ट्रॉफी पण. मग लीग वन मध्ये वर्षानुवर्षं, कधी प्लेऑफमध्ये (वर जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या लढतींत) हरायचं, कधी मधेच कुठंतरी. हा कॅप्टन झाला. २६ ऑगस्ट २०१४, लीग कप, व्हॅन गालचं मँचेस्टर युनायटेड यांच्या घरी आलं आणि ४-० नं हरून गेलं. विल ग्रिग दोन, बेनिक आफोबे दोन. मिडफील्डला १८ वर्षांचा डेली अली होता, पुढं स्पर्सला गेला तो. समोर डे खेआ, वेलबेक, हर्नांडेझ, कागावा. लोकांना ती मॅच अलीमुळं नाहीतर युनायटेडच्या फजितीमुळं आठवते, डावीकडं आर्मबँड बांधून कोण होता ते कुणी सांगत नाही.

त्याच सीझनच्या शेवटच्या दिवशी यांनी योव्हिलला ५-१ हरवलं, तिकडं प्रेस्टन कोलचेस्टरकडं १-० हरलं, आणि हे दुसऱ्या नंबरवर उडी मारून चॅम्पियनशिपमध्ये. एक वर्ष टिकले. २०१६ ला खाली, २०१८ ला आणखी खाली. मग २०१९, परत शेवटचा दिवस, घरी मॅन्सफील्ड, जो जिंकेल तो वर आणि मॅन्सफील्डला तर ड्रॉ पण चालला असता. १-० जिंकले. २०२२ ला लीग वन मध्ये तिसरे आले आणि प्लेऑफमध्ये वायकम्बनं घालवलं. पुढच्याच वर्षी परत लीग टू. आणि या सगळ्यात डावीकडं तोच.

प्रश्न असा की याला तुम्ही निष्ठा म्हणाल, का याहून वर जायची पात्रता नव्हती म्हणाल? माझं मत खाली देतो, आधी तुमचं सांगा.

---

चहाबाज :

मस्त धागा. नाव पहिल्यांदाच ऐकलं. पण एक बेसिक शंका, एवढा सातत्यानं खेळत होता तर वरच्या एकाही क्लबानं घेतला कसा नाही? चॅम्पियनशिपमध्ये तरी?

---

टवाळ :

मी हिशोब केला बरं का. वर गेला तीनदा, २००८, २०१५, २०१९. खाली आला पाचदा, २००४, २००६, २०१६, २०१८, २०२३. आमच्या इमारतीच्या लिफ्टचा रेकॉर्ड याच्यापेक्षा बरा आहे.

---

गोलचक्कर_एमके :

मी मिल्टन कीन्समध्येच राहतो (आयडीवरून कळलं असेलच, इथं गोलचक्करं सोडून आहे काय). एमके स्टेडियमला जातो अधूनमधून. ३० हजारांच्या वर सीट्स आहेत आणि नेहमीच्या लीग मॅचला एक चतुर्थांश भरलं तरी पुष्कळ, सगळ्या काळ्या सीट्स, त्यामुळं रिकामं आणखी रिकामं दिसतं. तोटा असा की खेळाडूंच्या शिव्या ऐकू येतात, फायदा असा की लुइंग्टन बोलतो ते पण ऐकू यायचं. पूर्ण नव्वद मिनिटं बोलायचा हा माणूस. सेंटर बॅकला हाक, विंगरला हाक, लाइन वर घ्या, मागं बघ, याला सोडू नको.

चहाबाज यांच्या प्रश्नाबद्दल, मी काही कोच नाही पण जे दिसलं ते सांगतो. तरुणपणी ओव्हरलॅप करून वर जायचा, डावा पाय फार छान, क्रॉस, कॉर्नर, लांबून फ्री किक. पण स्पीड म्हणाल तर कधीच फार नव्हता. वरच्या लीगमध्ये फुलबॅकला आधी स्पीड बघतात, बाकी सगळं नंतर. लीग वन मध्ये मात्र डोकं वापरून भागतं. तिशी गेल्यावर त्याचं काम बदललं, तीन सेंटर बॅकमध्ये डावीकडचा झाला. रसेल मार्टिन मॅनेजर असताना तर गोलकीपरपासून पास पास करत यायचं असा हट्टच होता, आणि त्यात डावखुरा आणि न घाबरणारा डिफेन्डर म्हणजे लॉटरी. २०२१ मध्ये जिलिंगहॅमविरुद्ध ५६ पासेसचा गोल केला होता यांनी, शेवटचा टच ग्रिगचा. बातम्यांत आलेलं. तेव्हा लुइंग्टन ३६ चा. साधारण त्या वयात बाकीचे लेफ्ट बॅक टीव्हीवर बसून एक्स्पर्ट झालेले असतात.

---

प्लाऊलेन_परत :

धागा वाचला. माणसाबद्दल काही म्हणायचं नाही, पण मला हा "एकाच क्लबकडून" प्रकार खटकतो आणि क्लबबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

मी लंडनमध्ये असताना एएफसी विम्बल्डनच्या, म्हणजे फॅन्सनी काढलेल्या त्या क्लबच्या मॅचेस बघितल्यात, अजून फॉलो करतो. ते लोक एमके डॉन्सचं नाव घेत नाहीत, "फ्रँचायझी" म्हणतात. आणि का म्हणू नये? १९८८ ला लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला क्लब. १९९१ ला स्वतःचं मैदान सुटलं, क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाड्यानं राहिले दशकभर, आणि मग एके दिवशी कळलं की क्लबच दुसऱ्या शहरात चाललाय. आपल्याकडं धरणात गाव जातं तेव्हा लोक आणि नाव दोन्ही नव्या जागी जातात, इथं लोक तिथंच ठेवले आणि फक्त पाटी उचलून नेली. फॅन्सनी विम्बल्डन कॉमनवर ट्रायल्स घेऊन टीम उभी केली, अगदी खालच्या लोकल लीगपासून खेळत २०११ ला फुटबॉल लीगमध्ये आले. २०२० ला प्लाऊ लेनवर परत स्वतःचं स्टेडियम. याला म्हणतात टिकून राहणं.

तर लुइंग्टनच्या मॅचेस मोजताना विम्बल्डनच्या धरायच्या का नाही? धरल्या तर तुम्ही म्हणताय की क्लब एकच आहे, म्हणजे ती चोरी मान्य. नाही धरल्या तर तो "वन क्लब मॅन" नाही, दोन क्लबकडून खेळलाय. कुठलंतरी एक सांगा.

---

डावखुरा :

@प्लाऊलेन_परत, मुद्दा शंभर टक्के रास्त, पण उत्तर क्लबनं स्वतःच दिलंय. २००७ मध्ये फॅन्सच्या संघटनांशी समझोता झाला, विम्बल्डनच्या ट्रॉफ्या आणि सगळा जुना वारसा मर्टनच्या (विम्बल्डन ज्यात येतं त्या भागाच्या) कौन्सिलला परत दिला, आणि एमके डॉन्स आपला जन्म २००४ चा धरतात. तेव्हा १९८८ चा कप त्यांचा नाही हे तेच सांगतात. मग लुइंग्टनच्या विम्बल्डनकडच्या मॅचेस, त्या तिसाच्या आत आहेत, बाजूला ठेवू. तरीही ट्रॉलपच्या पुढं जातोच तो. वन क्लब मॅन म्हणू नका हवं तर, माझी हरकत नाही. कागदावर दोन क्लब आणि त्यानं बॅग मात्र एकदाही भरली नाही, असा दुसरा खेळाडू मला तरी माहीत नाही.

आणि पोराचा दोष काय त्यात? १८-१९ चं वय, समितीचा निर्णय झाला तेव्हा तो युथमध्ये होता.

---

प्लाऊलेन_परत :

पोराचा दोष नाहीच. डिसेंबर २०१२ ला एफए कपमध्ये पहिल्यांदा दोन्ही क्लब समोरासमोर आले तेव्हा एमके २-१ जिंकले, शेवटी ऑट्सेमोबोरची ती टाच... सोडा. जखम आहे ती. फक्त एवढंच की २०२५ ला लुइंग्टन रिटायर झाला त्याच महिन्यात एएफसी विम्बल्डन वॉलसॉलला हरवून लीग वन मध्ये गेलं आणि फ्रँचायझी लीग टू च्या खालच्या अर्ध्यात. देव आहे.

---

टवाळ :

देव आहे पण तो पण प्लेऑफमधूनच जातो.

---

जुना_स्टॉपर :

मंडळी, ट्रॉलपचं नाव निघालंय तर त्याच्याबद्दल कुणी लिहीत का नाही? मी लिहितो, मोबाईलवरून टंकतोय, ऱ्हस्वदीर्घ सांभाळून घ्या.

जॉन ट्रॉलप, गाव रॉटन, स्विंडनच्या अगदी शेजारी. ऑगस्ट १९६० मध्ये सतराव्या वर्षी बर्ट हेडनं टीममध्ये घेतला. हेड तरुण पोरंच खेळवायचा, माइक समरबी, अर्नी हंट, डॉन रॉजर्स सगळे त्याच वेळचे, म्हणून त्यांना "बर्टची बाळं" म्हणायचे. बाकीची बाळं एकेक करून मोठ्या क्लबांना गेली, समरबी मँचेस्टर सिटीला जाऊन लीग चॅम्पियन झाला, इंग्लंडकडून खेळला. ट्रॉलप राहिला. १९६१ ते १९६८ सलग ३६८ मॅचेस खेळला, एकही न चुकवता, आणि थांबला तो हात मोडला म्हणून! त्याच सीझनला बरा होऊन परत आला आणि मार्च १९६९ ला वेम्बलीवर लीग कपची फायनल, थर्ड डिव्हिजनचं स्विंडन विरुद्ध आर्सेनल. मैदान म्हणजे निव्वळ चिखल, आर्सेनलचे बरेच जण फ्लूमधून उठलेले, पण म्हणून काय झालं. स्विंडन १-० पुढं, चार-पाच मिनिटं राहिली असताना बॉबी गूल्डनं बरोबरी केली, आणि मग जादा वेळेत डॉन रॉजर्सनं दोन मारले, ३-१. नियमानं कप जिंकणारा युरोपात जायचा पण हे थर्ड डिव्हिजनचे म्हणून त्यांना प्रवेशच नाही दिला. मग रोमाबरोबर इंग्लंड-इटली अशी वेगळी लढत ठेवली, तिकडं २-१ हरले आणि इकडं ४-० जिंकले. अजून काय पाहिजे.

ट्रॉलपनं मोडलेला रेकॉर्ड पोर्ट्समथच्या जिमी डिकिन्सनचा, ७६४. पण डिकिन्सन इंग्लंडकडून ४८ मॅचेस खेळलेला, दोनदा लीग चॅम्पियन. ट्रॉलप यातलं काही नाही. सगळ्या स्पर्धा धरून स्विंडनकडून ८८९. मधेच एमबीई हा ब्रिटिश सन्मान पण मिळाला. नंतर तिथलाच मॅनेजर झाला आणि १९८२ ला क्लब इतिहासात पहिल्यांदा चौथ्या डिव्हिजनमध्ये गेला तो नेमका त्याच्याच हातून. हे मला फार वाईट वाटतं. वीस वर्षं डिफेन्स सांभाळलेल्या माणसाच्या नावावर हे यायला नको होतं.

आता निष्ठेबद्दल. ट्रॉलप खेळायला लागला तेव्हा खेळाडूचा जास्तीत जास्त पगार आठवड्याला २० पाउंड असा नियमच होता, जानेवारी १९६१ ला उठला. आणि करार संपला तरी क्लब तुमचं रजिस्ट्रेशन धरून ठेवू शकायचा, सोडणार नाही म्हटला तर बसा घरी. जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला, १९६३ ला निकाल लागला तेव्हा जरा सैल झालं, पूर्ण मोकळीक तर बोसमन खटल्याच्या निकालानंतर, १९९५. म्हणून जुन्या लोकांनी एकाच ठिकाणी वीस वर्षं काढली याचं फार कौतुक करताना मी जरा थांबतो. त्यातले कितीतरी अडकलेले होते. लुइंग्टनला दर उन्हाळ्यात दार उघडं होतं, शेवटी शेवटी तर एकेक वर्षाचाच करार, आणि तरी तो राहिला. माझ्या मते त्याचं राहणं जास्त मोलाचं.

---

चहाबाज :

@जुना_स्टॉपर काका, वेगळा धागा काढा ना १९६९ वर, प्लीज.

---

आकडेमोड :

थोडं थंड पाणी टाकतो, राग मानू नका. हे रेकॉर्ड खालच्या लीगवाल्यांकडंच का असतात याचं कारण निष्ठा नाही, वेळापत्रक आहे. ४६ विरुद्ध ३८. रायन गिग्ज युनायटेडकडून ९६३ मॅचेस खेळला पण त्यातल्या लीगच्या ६७२ च. चोवीस सीझन! एक तर आठ मॅचेस कमी, वर चॅम्पियन्स लीग असली की लीगमध्ये विश्रांती. लीग टू मध्ये विश्रांती कसली, बेंचवर अकॅडमीची पोरं.

पोर्ट व्हेलचा रॉय स्प्रॉसन पण घ्या, १९५० ते १९७२, लीगच्याच साडेसातशेच्या वर. त्यांच्या १९५३-५४ च्या डिफेन्सनं ४६ मॅचेसमध्ये फक्त २१ गोल खाल्ले होते, थर्ड डिव्हिजन नॉर्थमध्ये, आणि त्याच वर्षी एफए कपची सेमीफायनल. त्याचा पुतळा आहे स्टेडियमबाहेर. आणि एक गमतीदार धागा जोडतो : २०२३ ला लुइंग्टनचा मॅनेजर काही महिने ग्रॅहम अलेक्झांडर होता. तो स्वतः राइट बॅक, हजाराच्या वर मॅचेस खेळलेला, ३७ व्या वर्षी बर्नलीकडून प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला, आणि प्रेस्टनसाठी शेवटच्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणी फ्री किकवर गोल मारून थांबला. त्या ड्रेसिंग रूममध्ये दोघांच्या मिळून दोन हजाराच्या आसपास मॅचेस होत्या, आणि तरी अलेक्झांडरला ऑक्टोबरमध्ये काढलं. अनुभवाचं लोणचं घालून पॉइंट्स मिळत नाहीत हो.

---

गोलचक्कर_एमके :

अलेक्झांडरवरून आठवलं, इथं मॅनेजर किती आले गेले याची यादी काढली तर धागा संपेल. डॅनी विल्सन, मार्टिन ॲलन, इन्स दोनदा, डि मातेओ, कार्ल रॉबिन्सन, नीलसन, टिस्डेल, रसेल मार्टिन, लियम मॅनिंग... डि मातेओ तर इथून गेल्यावर तीन वर्षांत चेल्सीबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकून बसला. २०२१ ला मार्टिन सीझनच्या तोंडावर स्वॉन्झीला पळाला तेव्हा तात्पुरती टीम लुइंग्टनकडंच दिली होती, बोर्नमथनं लीग कपमध्ये ५-० धुतलं आणि मग बोल्टनला ३-३. मग मॅनिंग आला आणि हा गपचूप परत डावीकडं जाऊन उभा राहिला. मला वाटतं त्याला मॅनेजर वगैरे व्हायची घाई नव्हती कधी.

---

डावखुरा :

माझं मत देतो म्हणालो होतो. आकडेमोड यांचा वेळापत्रकाचा मुद्दा मान्य, पण ४६ मॅचेस सगळ्यांनाच असतात ना? ७२ क्लब, प्रत्येकाला लेफ्ट बॅक, आणि साठ वर्षांत नावं निघतात तीनचार. मला निष्ठा हा शब्द थोडा जड वाटतो आणि पात्रता नव्हती हे अपुरं वाटतं. तो लीग वन चा खेळाडू होता, तिथं नेमका बसणारा, आणि हे त्याला लवकर कळलं. चॅम्पियनशिपमध्ये जाऊन बेंचवर बसण्यापेक्षा इथं रोज खेळणं त्यानं निवडलं. क्लबलाही कळलं की असा माणूस बदलून आपल्याला याच पैशात याच्यापेक्षा बरा मिळणार नाही. दोघांचं जमलं. याच्यात भावना नसतीलच असं नाही, पण आधी हिशोब आहे आणि तो हिशोब दोन्ही बाजूंनी प्रामाणिक आहे.

---

पेठेतला_हाफ :

कोल्हापुरातनं लिहितोय. लेफ्ट बॅकवर एवढा मोठा धागा बघून डोळं भरून आलं राव, मी सगळं आयुष्य लेफ्ट बॅक खेळलो आणि फोटोत पण मला कडेला उभं करायचे. ती ४-० ची मॅच कुठं बघायला मिळंल?

---

गोलचक्कर_एमके :

हायलाइट्स नेटवर आहेत, शोधा, सापडतील. पहिला गोल जॉनी एव्हान्सच्या चुकीनं सुरू होतो. लुइंग्टन हायलाइट्समध्ये फार दिसणार नाही, पूर्ण मॅच मिळाली तर ती बघा.

---

टवाळ :

युनायटेडवाल्यांनी दार लावून बघावी. @प्लाऊलेन_परत, तुम्ही त्या रात्री कुणाकडून होता ते खरं सांगा आता.

---

प्लाऊलेन_परत :

पंचाच्या.